निकस जमिनीतील परसबाग

निकस जमिनीतील परसबाग म्हणजे मातीची खोली, सेंद्रिय पदार्थ किंवा अन्नद्रव्ये अपुरी असलेल्या घरालगतच्या जागेत कुटुंबाच्या गरजेपुरता भाजीपाला, फळे व मसाल्याची पिके घेण्याची पद्धत होय. मुरमाड, जांभ्या दगडाच्या, चोपण किंवा बांधकामाच्या भरावाच्या जागेत अशी बाग उभारताना पिकाआधी जमीन तयार करावी लागते. चांगल्या जमिनीतील परसबाग आणि निकस जमिनीतील परसबाग यांतील मुख्य फरक हाच आहे. पहिल्या हंगामात उत्पन्न बेताचे मिळते. सेंद्रिय पदार्थांचा पुरवठा चालू राहिल्यास साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ते स्थिरावते. पहिल्याच हंगामात भरघोस पिकाची अपेक्षा ठेवल्याने अनेक बागा सुरू होऊन थोड्याच काळात सोडून दिल्या जातात.

संज्ञा व व्याप्ती

परस म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. या जागेत स्वयंपाकासाठी लागणारी पिके लावण्याची रीत जुनी असून तिला परसबाग म्हणतात. हल्ली घराच्या पुढील अंगण, इमारतीभोवतालची मोकळी पट्टी, शाळा व अंगणवाडीचे आवार यांतील भाजीबागेलाही हीच संज्ञा वापरली जाते. कुंड्या, पिंपे किंवा वाफे मांडून गच्चीवर केलेल्या बागेत मूळ जमिनीचा प्रश्न येत नाही. म्हणून तिचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

'निकस' हा शब्द व्यवहारातला आहे. मृदाशास्त्रातील तो एखादा ठरावीक वर्ग नव्हे. जमीन निकस असण्याची कारणे वेगवेगळी असतात. कोठे माती उथळ असते, कोठे ती आम्लधर्मी असते, कोठे तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढलेले असते, तर कोठे वरचा सुपीक थरच नाहीसा झालेला असतो. प्रत्येक कारणावरील उपाय निराळा असल्याने कारण ओळखणे ही पहिली पायरी ठरते. एका जमिनीला तारक ठरणारा उपाय दुसरीला मारक ठरू शकतो. चुलीतील लाकडाची राख हे त्याचे ठळक उदाहरण आहे. राख अल्कधर्मी असते. त्यामुळे कोकणातील आम्लधर्मी मातीत ती बेताने वापरल्यास उपयोगी पडते, पण चोपण किंवा चुनखडीयुक्त जमिनीत मूळ दोष वाढवते.

महाराष्ट्रातील निकस जमिनींचे प्रकार

महाराष्ट्राचा बराचसा भूभाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेल्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. या खडकाची झीज होऊन जी माती तयार झाली, तिचे स्वरूप उतार, पाऊस व निचरा यांनुसार बदलत गेले. परसबागेच्या दृष्टीने पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

मुरमाड व बरड जमीन. डोंगरउतार व माळरानांवर मातीचा थर अनेकदा वीतभरही नसतो. खाली मुरूम किंवा कातळ लागतो. अशी जमीन पाणी धरून ठेवत नाही. पाऊस थांबल्यावर काही दिवसांतच ती कोरडी पडते, पिकांची मुळे वरच्या थरातच पसरतात आणि दिलेले नत्र पाण्याबरोबर निचरून जाते. निचरा चांगला असणे हा मात्र तिचा गुण आहे.

जांभ्याची जमीन. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या काही पठारांवर जांभा खडकापासून झालेली तांबडी माती आढळते. अतिवृष्टीमुळे तिच्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅश वाहून गेलेले असते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरलेली असतात. ही माती आम्लधर्मी असते. तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. त्यामुळे स्फुरदयुक्त खत देऊनही पिकाला त्याचा थोडाच भाग मिळतो.

खारवट व चोपण जमीन. खारवट जमिनीत विद्राव्य क्षारांचे प्रमाण जास्त असते व उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. ती ओली असताना चिकट व निसरडी, वाळल्यावर दगडासारखी टणक होते आणि पाणी मुरू देत नाही. कालव्याच्या पाण्याचा अतिवापर व अपुरा निचरा यांमुळे पश्चिम महाराष्ट्राच्या सिंचित पट्ट्यात अशा जमिनी वाढल्या आहेत. किनारपट्टीवर समुद्राचे पाणी शिरणाऱ्या भागांतील जमिनी खारवट असतात.

भरावाची जमीन. शहरांत व वाढत्या गावांत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. पाया खोदताना वरची माती खाली गाडली जाते आणि खालचा मुरूम वर येतो. त्यात विटांचे तुकडे, वाळू, सिमेंट व चुना मिसळतो. सिमेंट व चुन्यामुळे मातीचा सामू वाढतो, तर यंत्रांच्या व वाहनांच्या वजनाने जमीन दाबली जाते. नव्या घराभोवती झाडे खुरटी राहण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

भारी काळी जमीन निकस नसते. तथापि पावसाळ्यात ती तुंबते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्यात चुनखडी जास्त असल्यास लोह व जस्ताची कमतरता जाणवते. अशा जमिनीत उंच वाफ्यांनी बराच फरक पडतो.

जमिनीचे परीक्षण

माती परीक्षणासाठी जागेच्या निरनिराळ्या भागांत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन त्यांच्या बाजूंची माती खरवडून काढतात. ती एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात आणि सुमारे अर्धा किलो नमुना उरेपर्यंत ही कृती पुन्हा करतात. खताच्या ढिगाजवळची, झाडाखालची व नुकतेच खत दिलेल्या जागेची माती नमुन्यात घेत नाहीत. केंद्र शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेनंतर अशी तपासणी ग्रामीण भागात अधिक परिचयाची झाली आहे.

अहवालातील तीन आकडे परसबागेसाठी विशेष उपयुक्त असतात. बहुतेक भाज्यांना ६.५ ते ७.५ सामू मानवतो. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास जमीन या बाबतीत गरीब मानली जाते. विद्युतवाहकता क्षारांचे प्रमाण दर्शवते.

प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याआधी किंवा त्याच्या जोडीला काही साध्या चाचण्या घरी करता येतात:

• खोलीची चाचणी: पहार किंवा कुदळीने चार-पाच ठिकाणी खणून माती किती खोलीपर्यंत आहे आणि मुरूम कोठे लागतो हे पाहणे.
• निचऱ्याची चाचणी: सुमारे ३० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पाण्याने भरून जिरू देणे आणि पुन्हा भरणे. दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरल्यास निचरा अपुरा समजतात.
• ढेकळाची चाचणी: वाळलेले लहान ढेकूळ न हलवता स्वच्छ पाण्यात ठेवणे. त्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरल्यास माती चोपण असण्याची शक्यता असते.
• बाटलीची चाचणी: पारदर्शक बाटलीत माती व पाणी हलवून ठेवणे. वाळू मिनिटभरात, पोयटा काही तासांत तळाशी बसतो आणि चिकणमातीला दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. थरांच्या जाडीवरून मातीच्या पोताचा अंदाज येतो.

जमिनीवर आपोआप वाढणाऱ्या तणांचे निरीक्षणही उपयोगी ठरते. जेथे तणसुद्धा विरळ व खुरटे असते, तेथे खोली, क्षार किंवा घट्टपणा यांपैकी काहीतरी अडसर असतो.

जमीन घडविणे

सेंद्रिय पदार्थांची गरज. जवळजवळ सर्व प्रकारच्या निकस जमिनींना लागू पडणारा एक उपाय म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ. तो मुरमाड जमिनीची पाणी धरण्याची क्षमता वाढवतो, चिकण जमीन भुसभुशीत करतो, अन्नद्रव्ये धरून ठेवतो आणि सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवतो. उष्ण प्रदेशात मात्र सेंद्रिय पदार्थांचे विघटन वेगाने होते. त्यामुळे एकदाच भरपूर खत घालून काम भागत नाही. ते दरवर्षी द्यावे लागते.

या गरजेचे प्रमाण अनेकदा कमी लेखले जाते. १० चौरस मीटर वाफ्यावर कंपोस्टचा ५ सेंटिमीटर थर द्यायचा झाल्यास अर्धा घनमीटर, म्हणजे ओलाव्यानुसार सुमारे २५० ते ३०० किलो खत लागते. एखाद्या घरात रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर वर्षाला सुमारे १८० किलो कचरा जमतो आणि कुजून त्याचे वजन निम्म्याहून कमी उरते. म्हणजे केवळ स्वयंपाकघरातील कचऱ्यावर एवढी छोटी बागही उभी राहत नाही. म्हणून वाळलेला पालापाचोळा, गवत, उसाचे पाचट, भाताचा पेंढा, शेण आणि बाजारातील भाजीचा टाकाऊ भाग बाहेरून मिळवावा लागतो. शहरात रस्त्याकडेच्या झाडांचा पालापाचोळा हा सर्वांत सहज मिळणारा स्रोत आहे.

कंपोस्ट. ढीग नीट कुजण्यासाठी कर्ब व नत्राचे प्रमाण सुमारे २५ ते ३० भागांस १ असे असावे लागते. वाळलेल्या पानांत कर्ब अधिक असतो, तर शेण, हिरवे गवत व भाजीच्या देठांत नत्र अधिक असते. ढीग मुठीत दाबलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवतात आणि हवा खेळावी म्हणून अधूनमधून उलथतात. त्याला वास येऊ लागल्यास ओलावा जास्त झालेला असतो किंवा हवा कमी पडत असते. अशा वेळी वाळलेला पाला मिसळतात. पूर्ण कुजलेले खत काळपट, भुसभुशीत व ओल्या मातीच्या वासाचे असते.

नाडेप पद्धतीत हवेसाठी भिंतींत झरोके ठेवून विटांचे सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके बांधतात. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर आळीपाळीने भरून वरून शेणमातीने लिंपतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की थोड्या शेणात पुष्कळ खत मिळते. लहान जागेत हेच तत्त्व विटा एकावर एक रचून केलेल्या छोट्या हौद्यात वापरता येते. गांडूळखतासाठी आयसेनिया फेटिडा ही पृष्ठभागालगत राहणारी जात प्रचलित आहे.

कच्चे शेण थेट वाफ्यात घातल्यास हुमणीच्या अळ्या व वाळवीचा उपद्रव वाढतो. त्याचप्रमाणे लाकडाचा भुसा किंवा कोरडा पेंढा मातीत मिसळल्यास तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात व पिके पिवळी पडतात. असे साहित्य मातीत न मिसळता पृष्ठभागावर आच्छादन म्हणून पसरणे योग्य असते.

हिरवळीचे खत. पाऊस सुरू झाल्यावर ताग किंवा धैंचा दाट पेरून सुमारे ४५ ते ५० दिवसांनी, फुले येण्याच्या सुमारास, तो कापून जमिनीत गाडतात. धैंचा पाणथळ व काहीशा चोपण जमिनीतही तग धरतो. गिरिपुष्पाचे कुंपण लावल्यास त्याचा नत्रयुक्त पाला वर्षातून अनेकदा कापून वापरता येतो. पहिल्या पावसाळ्यात निम्म्या जागेत भाजी आणि निम्म्या जागेत ताग घेतल्यास भाजी पूर्ण बंद न ठेवताही जमीन सुधारता येते.

वाफे. गादीवाफा १ ते १.२ मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवतात. दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचत असल्याने वाफ्यावर पाय पडत नाही व माती दाबली जात नाही. खत व पाणी फक्त वाफ्यावरच दिले जाते. वाटांवर ते वाया जात नाही. उथळ मुरमाड जागेत वाफा जमिनीच्या पातळीवर किंवा किंचित खोलगट ठेवून पाणी अडवतात. कोकणात किंवा काळ्या जमिनीत तो उंच ठेवून पाणी काढून देतात. फळझाडांसाठी मुरूम फोडून मोठे खड्डे घेतात आणि ते माती व कंपोस्टच्या मिश्रणाने भरतात.

विकतची माती. भरावाच्या जागेत लाल किंवा पोयट्याची माती आणून टाकण्याची प्रथा आहे. दाबलेल्या मुरमावर बारीक मातीचा थर नुसता पसरला, तर दोन थरांच्या सीमेवर पाणी अडते आणि मुळे खाली उतरत नाहीत. म्हणून आधी खालचा थर पहारीने मोकळा करून आणलेल्या मातीचा काही भाग त्यात मिसळतात. अशी माती बहुधा एखाद्या शेताचा किंवा टेकडीचा वरचा थर खरवडून आणलेली असते. ती देणारी जमीन निकस होते, हा या प्रथेवरील महत्त्वाचा आक्षेप आहे.

रासायनिक दोषांची दुरुस्ती. आम्लधर्मी मातीत चुना किंवा डोलोमाइट वापरतात. हाडांच्या चुऱ्यातील स्फुरद अशा मातीत हळूहळू उपलब्ध होतो. अल्कधर्मी मातीत तो फारसा उपयोगी पडत नाही. चोपण जमिनीत जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, परंतु मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जाण्यासाठी निचऱ्याची सोय आवश्यक असते. निचऱ्याविना जिप्सम टाकणे व्यर्थ ठरते. केवळ खारवट जमिनीत जिप्समची गरज नसते. चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच तेथील उपाय होय. चुना व जिप्समची मात्रा माती परीक्षणाच्या अहवालावरून ठरवतात.

पाणी

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १ लिटर पाणी देणे होय. एप्रिल-मे महिन्यांत भाजीच्या वाफ्यातून दररोज ५ ते ८ मिलिमीटर पाणी उडून जाऊ शकते. यावरून २० चौरस मीटर बागेला कडक उन्हाळ्यात रोज १०० ते १६० लिटर पाणी लागेल असा अंदाज बांधता येतो. टंचाईग्रस्त गावांत हे शक्य नसते. म्हणून अशा ठिकाणी उन्हाळ्यात बहुतेक वाफे आच्छादनाखाली विश्रांतीला ठेवून शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांसारखी थोड्या पाण्यावर टिकणारी झाडेच जगवली जातात.

वाळलेल्या पानांचे ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन बाष्पीभवन कमी करते, मातीचे तापमान खाली ठेवते आणि कुजल्यावर खतही होते. त्याचा थर रोपाच्या खोडाला टेकणार नाही याची काळजी घेतात. अन्यथा खोडकूज होते. झाडाशेजारी पुरलेल्या, तळाला भोक पाडून वात बसवलेल्या मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते व मुळांपर्यंत पोहोचते.

न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ, अळू व कर्दळ वाढवण्याची रीत कोकणात व देशावर जुनी आहे. साबण व धुण्याच्या पावडरीतील सोडियममुळे हे पाणी चोपण होऊ घातलेल्या जमिनीत टाळावे लागते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या व कंदांना ते देत नाहीत.

पिकांची निवड व क्रम

निकस जमिनीत पिकांचा क्रम जमिनीच्या सुधारणेशी जोडलेला असतो.

पहिले वर्ष. या काळात चवळी, गवार, मटकी, वाल व घेवडा ही शेंगवर्गीय पिके मुख्य असतात. त्यांच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. शेंगा तोडल्यावर झाडे उपटून न टाकता जमिनीलगत कापतात व मुळे मातीत राहू देतात. जोडीला राजगिरा, अंबाडी, रताळे व भेंडी ही काटक पिके घेतात. रताळ्याचे वेल जमीन झाकून टाकतात. शेवगा, कढीपत्ता, पपई व लिंबू यांची लागवड याच वर्षी केल्यास पुढे त्यांचा लाभ लवकर मिळतो. शेवग्याचे वार्षिक वाण सहा ते आठ महिन्यांत फुलावर येतात आणि पाला त्याआधीच भाजीसाठी मिळू लागतो.

दुसरे वर्ष. कंपोस्टचा दुसरा थर दिल्यावर मेथी, पालक, चुका, कोथिंबीर, मुळा, वांगी, मिरची आणि मांडवावरचे दोडका, कारली, दुधी व पडवळ ही पिके घेतली जातात. वेलींना पूर्ण वाफा न सुधारताही खोल आळे करून त्यात खत भरता येते. त्यामुळे कमी खतात मोठ्या जागेवर पीक मिळते. वेल कुंपणावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवल्यास जागाही वाचते.

तिसरे वर्ष व पुढे. टोमॅटो, कोबी, फुलकोबी, कांदा व गाजर ही अधिक खतावलेली किंवा भुसभुशीत जमीन मागणारी पिके यानंतर घेतली जातात. एकाच वाफ्यात वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील पिके पाठोपाठ न घेता फळभाजी, शेंगवर्गीय, कंदमूळ व पालेभाजी असा फेर ठेवतात.

कोकणात पावसाळ्यात अळू, सुरण, काकडी, पडवळ व भेंडी, तर भातकापणीनंतर ओलीवर वाल व इतर कडवे ही पद्धत रूढ आहे. सुरण, हळद व आले ही पिके विरळ सावलीतही येतात. घराच्या भिंतीमागची कमी उन्हाची जागा त्यांच्यासाठी वापरता येते. फळभाज्यांना मात्र दिवसाला किमान सहा तास ऊन लागते.

स्थानिक वाणांचे बी घरी राखता येते, हा परसबागेचा एक आधार आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा व इतर देशी भाज्यांची बियाणे जतन करून त्यांची बीजबँक उभारली. त्यांना २०२० साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. वाल, चवळी, भेंडी व राजगिरा यांचे बी राखणे सोपे असते. दुधी, काकडी यांसारख्या वेलवर्गीय पिकांत परपरागीकरण होत असल्याने वाण शुद्ध ठेवण्यासाठी अधिक काळजी घ्यावी लागते. संकरित वाणाच्या फळातील बी पुन्हा पेरल्यास मूळ गुण टिकतीलच असे नाही.

कीड व रोग

निकस जमिनीतील ताणाखालील पिके किडींना लवकर बळी पडतात. त्यामुळे पान पिवळे पडणे, सुकणे किंवा गळणे ही लक्षणे दिसताच फवारणी करण्याआधी कारण पाहिले जाते. जुनी, खालची पाने पिवळी पडल्यास नत्राची कमतरता संभवते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडल्यास लोहाची कमतरता संभवते. भेंडीच्या शिराच पिवळ्या पडल्यास मात्र तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणुजन्य हळद्या रोग असतो. अशी झाडे उपटून नष्ट करतात.

मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांवर पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात. त्यासाठी प्रत्येक लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळी भुकटी रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारतात. सूत्रकृमींमुळे मुळांवर गाठी येत असल्यास झेंडूचे पीक फेरपालटीत घेतात. शेंगवर्गीय पिकांवरील उपयुक्त गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असून सहज निघतात. सूत्रकृमींच्या गाठी म्हणजे फुगलेले मूळच असल्याने त्या वेगळ्या करता येत नाहीत.

इतिहास

महाराष्ट्रातील जमिनींचा कस उतरण्याचा प्रश्न जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पावसाच्या पाण्याबरोबर सुपीक माती वाहून जाण्याचा प्रश्न मांडला आणि बांधबंदिस्ती व तलावांचा आग्रह धरला.

निकस जमिनीसाठी खत तयार करण्याच्या पद्धतींना विसाव्या शतकात शास्त्रीय बैठक मिळाली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत शेतातील काडीकचरा व शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत विकसित केली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर ओळखली जाते. या कामावरील १९३१ मधील ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेण कमी लागणारी पद्धत प्रचारात आणली. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाईमुळे भारतात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली. ब्रिटन व अमेरिकेत त्याच काळात घरगुती भाजीबागांना सरकारी प्रोत्साहन मिळाले. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या संकल्पनेतून लहान जागेत, स्थानिक पालापाचोळ्यापासून माती तयार करून पीक घेण्याच्या प्रयोगांना चालना दिली. शहरी गच्चीवरील शेतीच्या अनेक उपक्रमांनी ही विचारधारा पुढे नेली. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शाळांतील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

पोषण व आर्थिक महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीस दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस केली असून त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. चार प्रौढांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण दिवसाला १.६ किलो होते. निकस जमिनीतील लहान बाग ही सर्व गरज भागवू शकत नाही. तिचा खरा उपयोग पालेभाज्या, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता अशा थोड्या प्रमाणात पण रोज लागणाऱ्या आणि तोडल्यावर लवकर सुकणाऱ्या पिकांत आहे. लोह, अ जीवनसत्त्व व फॉलेट यांचा पुरवठा करणाऱ्या हिरव्या पालेभाज्या २५ ते ४० दिवसांत तयार होतात. आठवडी बाजारावर अवलंबून असलेल्या गावांत दोन बाजारांमधल्या दिवसांची भाजी परसबागेतून मिळते.

मर्यादा व आक्षेप

परसबागेचा प्रचार करताना तिच्यासाठी लागणारे श्रम पुष्कळदा हिशेबात धरले जात नाहीत. खत वाहून आणणे, पाणी घालणे व निंदणी ही कामे बहुधा घरातील स्त्रियांवर पडतात. जेथे पाणीच डोक्यावरून आणावे लागते, तेथे बाग हा अतिरिक्त भार ठरतो. शासकीय किंवा संस्थात्मक मोहिमांत बियाण्यांची पाकिटे वाटली जातात, परंतु खत, कुंपण व पाण्याची सोय न झाल्यास बाग पहिल्या उन्हाळ्यापलीकडे टिकत नाही. मोकाट गुरे, शेळ्या, कोंबड्या आणि कोकणात माकडे यांपासून संरक्षण हा स्वतंत्र प्रश्न आहे.

जुन्या कारखान्यांच्या, गॅरेजच्या किंवा कचरा टाकण्याच्या जागांवरील मातीत शिसे व इतर जड धातू असू शकतात. कंपोस्टने ते नाहीसे होत नाहीत. अशा जागेत मूळ मातीत खाद्यपिके न घेता तळ बंद असलेल्या वाफ्यांत किंवा कुंड्यांत स्वच्छ माती भरून लागवड करणे सुरक्षित मानले जाते.

काही आंबवलेल्या द्रावणांच्या थोड्या मात्रेने निकस जमीन एका हंगामात सुपीक होते, असे दावे केले जातात. अशी द्रावणे सूक्ष्मजीवांना चालना देऊ शकतात. मात्र त्यांतून मिळणारी अन्नद्रव्ये अल्प असतात आणि ज्या मातीत सूक्ष्मजीवांसाठी सेंद्रिय खाद्यच नाही, तेथे परिणाम मर्यादित राहतो. उथळपणा, क्षार व घट्टपणा हे दोष केवळ द्रावणाने दूर होत नाहीत. कुजलेले खत, आच्छादन, शेंगवर्गीय पिके व पाण्याचे नियोजन यांचा काही हंगाम चालणारा क्रम हाच निकस जमिनीतील परसबागेचा आधार असतो.

हे सुद्धा पहा

कंपोस्ट खत, गांडूळखत, हिरवळीचे खत, मृदा परीक्षण, जांभा खडक, गच्चीवरील बाग